बेलाऊबाईंना खरं सांगायचं

४ नोव्हेंबर
विद्यापीठाच्या बेलाऊबाई आता अधूनमधून घरी येणार. कामगार कायदे बदलल्यापासून काम गेलेल्यांची घरं कशी चालतात, हा त्यांचा अभ्यास. गावातली चाळीस घरं निवडली, त्यांत आमचं. काम गेलेल्यांना मिळणारी हिवाळ्याची मदत चालू ठेवायची की बंद करायची, हे त्यांच्या अहवालावर ठरणार. तेव्हा खरं तेच सांगायचं. मी मॅट्रिक आहे, मुद्देसूद सांगता येतं.

११ नोव्हेंबर, संत मार्टिनचा दिवस
बाई येऊन गेल्या. पोलादाचा कारखाना बंद झाल्यापासून माझा नवरा विन्फ्रीड घरात कोट घालूनच बसतो. पण म्हणून पाहुणीला काकडत ठेवायचं? सकाळपासून हीटर लावला. बाईंनी कोट काढला, मग स्वेटर काढला, वहीत 'घर उबदार' असं लिहिलं. विन्फ्रीड म्हणाला, "बाई, रोज येत जा. तेवढीच मलाही ऊब." बाई हसल्या. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले.
पुढच्या वेळी नक्की सांगणार.

१९ नोव्हेंबर, संत एलिझाबेथचा दिवस. दुपारी ४
बाईंनी विचारलं, "जेवणात काही कमी करावं लागतं का?" मी म्हटलं, शुक्रवारी आम्ही मांस खात नाही. हे शंभर टक्के खरं. इतर दिवसांचं त्यांनी विचारलंच नाही. बाईंनी लिहिलं, 'धार्मिक परंपरा.'
झग्याआड गरिबांसाठी पाव नेताना पकडली गेली तेव्हा एलिझाबेथही 'गुलाब आहेत' म्हणाली होती. आणि देवानं गुलाब केलेही.

२५ नोव्हेंबर
विन्फ्रीड सकाळीच म्हणाला, "आज तू गप्प बस. मी बोलतो." बाई आल्या तसं त्याला बटाटे आणायला तळघरात धाडलं. दाराला कडी लागली. आपोआप. बाई गेल्यावर केवढा ओरडला! "मला कोंडलंस, अगं बये!" बाईंनी खालचे धक्के ऐकून विचारलं होतं. मी म्हटलं, नवरा सदा कामात असतो. त्यांनी तेही लिहिलं.
थकले आहे. चांगलं दिसायलाही अंगात जोर लागतो.

४ डिसेंबर, संत बार्बाराचा दिवस
अहवाल आला. चाळीसपैकी अडतीस घरांत 'मदतीची गरज आढळली नाही.' जानेवारीपासून मदत बंद. म्हणजे शेजारची रोझविथासुद्धा! तिच्याकडे तर मागच्या महिन्यात मेणबत्तीवर सूप गरम करत होते. उरलेली दोन घरं कोणती हे सगळ्या गावाला कळलंय, चर्चमध्ये त्यांच्या बाकावर कुणी बसत नाही.
विन्फ्रीड म्हणाला, "अजून वेळ गेलेली नाही. फोन कर."

५ डिसेंबर, सकाळी ९
केला. बाईंनी प्रेमानं विचारलं, "कशा आहात?" तोंडातून निघून गेलं, मजेत, देवाची कृपा.
विन्फ्रीडनं फोन हिसकावून घेतला. लाल झाला होता. म्हणाला, "बाई, मी हिचा नवरा बोलतोय. एकदाच स्पष्ट सांगतो."
मग बराच वेळ घसा खाकरला.
म्हणाला, "मीही मजेत आहे."