थोडी हवा सोड

१२ एप्रिल

ती. मामास,
सा. न. वि. वि.

फोनच करणार होते. पण दवाखान्यामागच्या खडकावर चढल्याशिवाय इथे रेंज मिळत नाही, आणि मिळाली तरी तुम्ही फोनवर असे ओरडता की खालच्या गोठ्यातली गुरं माना वर करून बघतात. म्हणून पत्र. दूधगाडीवाला रोज खाली जातो, तो टाकेल पेटीत.

तुमचा पिकअप खणखणीत आहे. गुडघ्याने दगा दिला नसता तर तुम्ही त्याला कुणाला बोटही लावू दिलं नसतं, हे मला ठाऊक आहे. म्हणून धुऊनपुसून ठेवते. पण टायरांना पार टक्कल पडलंय, मामा. परवा दवाखान्याच्या उतारावर नुसता ब्रेक लावला, तर गाडी आडवी होऊन मला नमस्कार करायला निघाली.

आता मुद्द्याचं. वरच्या वस्त्यांवर जनावरांच्या डॉक्टरांची जी फेरी आहे ना, ती बंद करायचं खालच्या कचेरीतल्या आमच्या साहेबांच्या मनात आहे. पावसात गाडी वर चढत नाही, मग फेरी हवी कशाला, असं त्यांचं म्हणणं. या पावसाळ्यात मी वर जाऊ शकले तर फेरी राहील. नाहीतर मला खाली कचेरीत टेबलावर बसवतील आणि वरची जनावरं वाऱ्यावर. मला हे होऊ द्यायचं नाही. मी काय शिक्के मारायला शिकले का?

टायरवाल्या बाईंकडे तीन प्रकार आहेत. गुळगुळीत डांबरी रस्त्याचे, जाड, उंच नक्षीचे चिखलाचे, आणि तिसरे ऑल टेरेन, म्हणजे सगळीकडे चालणारे. कुठले घेऊ? जन्मभर ट्रक चालवलेला मामा घरात असताना दुसऱ्या कुणाला विचारणं बरं दिसत नाही.

आणि सीटखाली तुम्ही केवढं भंगार साठवलंय हो? दोरखंड, फाटका बूट, गंजका पायपंप. टाकून देऊ का?

मामींना नमस्कार. तुमचा लोभ आहेच, त्याला गंज चढू देऊ नका.

तुमची भाची,
फुगी


२० एप्रिल

चि. फुगीस,
अ. उ. आ.

पत्र मिळाले. मी फोनवर ओरडत नाही. फोन बहिरा आहे.

चिखलाचे घे. विचार करू नकोस. सगळीकडे चालणारा माणूस आणि सगळीकडे चालणारा टायर, या दोघांवर मी कधी विश्वास ठेवला नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या. चिखल आहे ना? मग चिखलाचे. पायात घालायचं ते पायापुरतं बघावं, साऱ्या जगाचा विचार करू नये.

सीटखालच्या वस्तूंना हात लावशील तर याद राख. बूट टाकलास तरी चालेल. पंप टाकायचा नाही. तो माझ्याबरोबर इतका फिरलाय की तुझी मामीसुद्धा तितकी फिरलेली नाही. हे वाक्य तिने खांद्यावरून वाचले आहे, त्यामुळे आज चहा मिळेल असे वाटत नाही.

स्टेपनीपण त्याच जातीची घे. लोक चार चांगले घेतात आणि पाचव्याला विसरतात.

माया पातळ होऊ देऊ नये, पत्र जाड असावे.

तुझा,
मामा


९ मे

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आधी रागवून घ्या, मग पुढे वाचा. मी ऑल टेरेन घातले.

कारण ऐका तरी. माझा निम्मा रस्ता डांबरी आहे, मग खडी, आणि चिकणमाती फक्त शेवटच्या चढाला. चिखलाचे टायर डांबरावर घासून घासून लवकर जातात, आणि घाटात ओल्या डांबरावर म्हणे बिचकतात. टायरवाल्या बाईंनी दोन्ही शेजारी ठेवून दाखवले, मी बोटं घालून नक्षी बघितली, गाईचे दात बघावेत तशी. मला एका ठिकाणी शूर आणि दुसऱ्या ठिकाणी भित्री असलेली गाडी नको. मला रोज जायचंय आणि रोज परत यायचंय. पाचवा त्याच जातीचा घेतला, तेवढं तुमचं ऐकलं.

संसार कसा चाललाय म्हणाल, तर टायर गुणगुणतात. डांबरावर वेग घेतला की एकसुरात घूं घूं सुरू. पहिल्या दिवशी मला वाटलं काहीतरी बिघडलं. आता ते थांबलं की चुकल्यासारखं वाटतं. गाडी थोडी जास्त पिते आणि थोडी जास्त आदळते. नक्षीत खडे अडकतात, ते मी संध्याकाळी स्क्रूड्रायव्हरने उकरून काढते, दवाखान्याच्या पायरीवर बसून. शेजारची बाई म्हणते की टायरांची नखं काढणारी डॉक्टर तिने पहिल्यांदाच पाहिली.

आणि आता बढाई. कोरड्यात मी थेट वरच्या शेवटच्या वस्तीवर गेले! चाकांवर! आधीचे डॉक्टर पायथ्याशी गाडी लावून जनावरंच खाली बोलवायचे. लोक घराबाहेर येऊन बघत होते. मी उतरले ती काय ऐटीत, तुम्ही बघायला हवं होतं. एका आजोबांनी टायरावर थाप मारली आणि म्हणाले की बाई पोचली. मी पोचलेलीच आहे, मामा, आता पाऊस येऊ दे नाहीतर पूर येऊ दे.

रागासकट लोभ पाठवला तरी घेईन.

तुमची,
फुगी


१७ मे

चि. फुगीस,
अ. उ. आ.

घातलेस ते घातलेस. विचारायचे मामाला आणि ऐकायचे टायरवालीचे, ही आपल्या घराण्याची जुनी रीत आहे. तुझी आईही असेच करायची. मी रागावलेलो नाही. मी फक्त दोन दिवस कुणाशी बोललो नाही.

कोरड्यात काय, म्हैससुद्धा वर जाते. पाऊस पडल्यावर कळव.

माझा गुडघा जिन्याशी भांडतो, बाकी ठीक. गेटपाशी पिकअप उभा असायचा ती जागा मोकळी दिसते. तिथे मामीने कुंड्या ठेवल्या, तरी मोकळीच दिसते.

तब्येत सांभाळ आणि आम्हाला आठवणीत ठेव.

तुझा,
मामा

ता. क. वर निघण्याआधी थोडी हवा सोड.


२६ मे

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पत्र पोचले. हवा सोडली आहे.

लोभ असावा.

भाची


३ जून

चि. फुगीस,
अ. उ. आ.

हवा सोडलीस हे वाचून फार समाधान वाटले. तू ऐकशील असे वाटले नव्हते. मामीला पत्र वाचून दाखवले, समोरच्या शिंप्यालाही दाखवले. तोही म्हणाला की पोरगी शहाणी आहे.

किती सोडलीस ते कळव. जास्त सोडली असशील तर तेही बरे नाही.

पत्राची वाट बघतो.

तुझा,
मामा


२४ जून

चि. फुगीस,
मामीचे अ. उ. आ.

अगं, तुला झालंय तरी काय? पत्र नाही, खडकावर चढून फोन नाही. दूधगाडीवाला आजारी आहे की तू?

तुझा मामा पोस्टमन यायच्या वेळी बरोबर गेटपाशी कुंड्यांना पाणी घालत असतो. त्यातल्या दोन कुंड्या कुजल्या. काल मी विचारलं की पोरीला काही टोचून लिहिलंत का, तर म्हणे मी कशाला टोचू, मी तर तिचं कौतुकच केलं. मला पटलं नाही. या माणसाचं कौतुक मला आजवर दोनदाच कळलंय, आणि त्यातलं एक गाडीचं होतं.

काय असेल ते आम्हा दोघांना भांडून लिही. न लिहिता भांडू नकोस, त्याने माणूस आतून सुकतं. पाऊस लागलाय, गाडी हळू चालव.

तुझी,
मामी


६ जुलै

ती. मामा आणि सौ. मामींस,
सा. न. वि. वि.

मामा, आधी तुमचे पाय धरते, दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता. मग भांडते.

मी शेवटच्या वस्तीवर गेल्याची बढाई मारली आणि तुम्ही उत्तरात लिहिलंत की थोडी हवा सोड. आता मला सांगा, लहानपणी मी पहिला नंबर आला म्हणून गाल फुगवून फिरायला लागले की तुम्ही काय म्हणायचात? हेच! फुगे, थोडी हवा सोड! नावही त्यावरूनच पडलं. मला वाटलं मी एवढी डॉक्टर झाले, एवढ्या वर चढून गेले, आणि मामा अजून मला जमिनीवर उतरवतोय. त्या रात्री मी जेवलेसुद्धा नाही. रागाने लिहिलं की हवा सोडली आहे. वर तुम्ही ते शिंप्याला वाचून दाखवलंत! आणि किती सोडली ते विचारलंत! कपाळच आपटून घेतलं मी.

आता परवाचं ऐका. साहेब स्वतः रस्ता बघायला आले होते. पाऊस दोन दिवस थांबला नव्हता. ते टेबलाशी बसलेत तोच वरून निरोप आला की शेवटच्या वस्तीवरच्या एका जोडप्याची गाय ओला चारा खाऊन नगाऱ्यासारखी फुगलीय, तिला उभं राहवत नाही. त्यांच्याकडे तेवढी एकच गाय. साहेब म्हणाले की चला, मीही येतो, बघू तुमचे टायर.

डांबर छान, खडी छान. शेवटच्या चिकणमातीच्या चढाला गाडी बसली. चाकं जागच्या जागी फिरायची, नक्षी मातीने भरून सगळे टायर लाडवासारखे गोल गुळगुळीत. साहेब खिडकीतून बघून म्हणाले की झालं, आपण प्रयत्न केला, आता मागे फिरू. मामा, मला तिथे रडू यायला लागलं. फेरी गेली, गायही गेली, असं वाटलं. पण हात आपला बॅग चाचपत होता, पोटात घालायची नळी घेतलीय ना, तेलाची बाटली घेतलीय ना. मनात घोकत होते की फुगलेल्या पोटाला उपाय एकच, वेळेवर थोडी हवा सोडायची.

थोडी हवा सोड.

मी मोठ्याने हसले. साहेबांना वाटलं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला. मी चिखलात उकिडवी बसले आणि चाकांच्या व्हॉल्व्हमधली पिन किल्लीने दाबून चारही टायर खालून जरा पोट सुटेल इतके मऊ केले. पसरट झाले तसे ते मातीला चिकटून बसले. मग पहिल्या गिअरमध्ये, जराही घाई न करता निघाले. गाडी म्हातारीसारखी कुरकुरत, पण न थांबता वर गेली.

गाय जिवंत होती. नळी घातली आणि तोच आवाज आला, फुस्स! मी पुन्हा हसले, आणि या वेळी गाईचं तोंड धरून बसलेले साहेबही हसले. अर्ध्या तासाने ती उठून उभी राहिली. घरच्या बाई माझ्या गळ्यात पडून रडल्या, आणि मीही रडले.

खाली डांबराला लागल्यावर काय करायचं? मऊ टायरवर पळवलं तर टायर जातील. मग सीटखालून तुमचा गंजका पायपंप काढला. निम्मे टायर मी भरले, निम्मे साहेबांनी, त्यांच्या चकचकीत बुटांनी, धापा टाकत. शेवटचा टायर भरून झाल्यावर त्यांनी घाम पुसला आणि सांगितलं की फेरी चालू राहील, आणि दुसऱ्या दवाखान्याच्या गाडीलाही हेच टायर घालू. हेच, मामा. सगळीकडे चालणारे.

तेव्हा टायर माझे बरोबर आणि हवा तुमची बरोबर. पण पुढच्या वेळी कशातली हवा ते लिहायला शाई लागत नाही का?

आता तुम्ही दोघं इथे या. खोली लहान आहे, पण पिकअपची शेजारची सीट रिकामी आहे. जिना नाही.

लोभ भरपूर भरून पाठवा.

तुमची,
फुगी


१४ जुलै

चि. फुगीस,
अ. उ. आ.

पत्र मामीने वाचून दाखवले, कारण मला हसू आवरेना. मग गाय उभी राहिली तिथे आलो आणि मामीने वाचणे थांबवले, कारण तिला दिसेना. मलाही दिसत नव्हते.

अगं वेडे, आम्हा ट्रकवाल्यांत हवा म्हटले की टायरचीच. दुसरी हवा आम्हाला परवडत नाही. तू बढाई मारलीस ती मला आवडली होती. ते पत्र माझ्या खिशातच असते, शिंप्याला दुसरे दाखवले तेव्हा तेही दाखवले. तुला जमिनीवर उतरवायला मी कशाला तिकडे लिहीन? तू चढावीस म्हणून तर गाडी दिली.

टायरांबद्दल मी चुकलो. हे मामीसमोर लिहीत आहे, म्हणजे साक्ष राहील.

आम्ही पुढच्या आठवड्यात दूधगाडीने येतो. मी शेजारच्या सीटवर बसेन आणि तोंड बंद ठेवीन. मामी म्हणते हे पत्रात लिहू नका, खोटे लिहिलेले टिकते. तर तोंड उघडे ठेवीन. मला ती घूं घूं ऐकायची आहे. आणि टायरांची नखे काढायला मला पायरीवर जागा ठेव.

आमची माया आहे ती आहेच, तुझी घेऊन जायला येतो.

तुझा,
मामा

ता. क. मागचा ता. क. मी अर्धाच लिहिला होता. उरलेला हा: पक्का रस्ता लागला की हवा परत भरायची असते. लागलाय ना आता? मग भर, पोरी. गाल फुगवून चाल. मी काही म्हणणार नाही.