नगारा कुणाच्या पाळीत वाजवायचा?

धसई, चैत्र शुद्ध पंचमी, शके १८६१

तीर्थस्वरूप विठूदादा, धाकट्या भागीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझा खोकला कसा आहे? गोदूवहिनीचे गुडघे काय म्हणतात? इकडे आम्ही सुखरूप आहोत, म्हैसही सुखरूप आहे. फक्त घरात लढाई जुंपली आहे आणि तिला कारण तू आहेस.

शेत भाजायच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडताना हे झाडावरून पडले, पाय मोडला, तेव्हा पडल्या जागी जीव रमावा म्हणून तू शहापुराहून लाकडी सैन्य करून पाठवलंस. (सागाच्या तुकड्यांतून इतके देखणे शिपाई कोरणारा सुतार उभ्या तालुक्यात नाही, हे मी इथे ज्याला त्याला ऐकवते.) बारा लाल, बारा पांढरे, पाटावर कोळशाने घरं आखायची, एकदा लालांची पाळी, एकदा पांढऱ्यांची. इथवर ठीक. पण सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस की नगारची डावात एकदाच नगारा वाजवील आणि आपला एक मेलेला गडी उठेल. पण कधी वाजवील? आपल्या पाळीत की दुसऱ्याच्या? एवढं लिहायलाच तुझी शाई संपली होती का रे?

परवा दुपारी माझ्या हत्तीने यांचा राजा मारला. मी हत्तीवरून हात उचलायच्या आत यांनी पाटावर थाप मारली, “ढम! राजा उठला!” मी म्हटलं, “माझी पाळी चाललीय, तुमचा नगारा आता कसा वाजंल?” तर म्हणे, “राजा आता मेला, मंग नगारा काय दिवाळीला वाजवू?” बरं, उठला तर उठला. माझी पाळी संपली नव्हती (हात हत्तीवरच होता, देवाशपथ), म्हणून मी त्याच हत्तीने राजाला पुन्हा मारलं. त्यावर हे असे भडकले की पलीकडच्या खळ्यात खाट विणत बसलेल्या शेजारच्या राघोमामांना साक्षीला बोलवायला थेट ओटीवर गेले. मामांनी येऊन सगळं ऐकलं, राजाला उचलून वास घेतला, म्हणाले, “दोघांचा बी बरोबर हाय. गो भागी, चाय ठेव.” असले पंच!

तेव्हा दादा, तू सैन्याचा बाप, तूच निकाल दे. थोडक्यात आणि स्पष्ट लिही. वहिनीस नमस्कार.

तुझी,
भागी

ता. क. वरचं पत्र यांनी वाचून “बराबर लिवलंस” म्हटलं. हे खालचं मी चुलीपाशी लिहिते आहे. हाडवैद्याने फळ्या सोडल्या त्याला महिना झाला. हाड जुळलं म्हणाला, काठी घेऊन चालायला लागा म्हणाला. पण पाय टेकायचं नाव काढलं की हे भिंतीकडे तोंड करत. “माझ्यात आता काय नाय उरला,” एवढंच एकदा बोलले, मग चार दिवस गप्प. तुझं सैन्य आलं आणि भांडायला का होईना, तोंड उघडलं. आणि परवा राघोमामांना बोलवायला उठले ते काठीशिवाय, दादा. नऊ पावलं जाताना, नऊ येताना. काठी खाटेलाच टेकलेली. यांना अजून त्याचा पत्ता नाही. मीही बोलले नाही, चुलीत उगाच फुंकर घालत बसले. तेव्हा निकाल स्पष्ट देऊ नकोस. असा लिही की दोघांनाही आपलंच खरं वाटेल. मामांचं खळं ओटीपासून चाळीस पावलांवर आहे. पुढच्या भांडणाला इकडे येऊ नका, यांनाच तिकडे येऊ द्या, असं मी मामांना सांगून ठेवलं आहे.

आणखी एक. नगारा आपल्याच पाळीत वाजवायचा असतो ना? तेवढं मला वहिनीच्या नावाने वेगळं कळव.