आठ कडवी, बिनचूक

ता. ९ जाने. ३४, मंगळ.
सकाळी वाडीत नारळ पाडणी. पांडू माडावर, त्याची आठ वर्षांची यमी खाली वेचायला. "बाजूला हो गो!" त्याची हाक पोचायच्या आत नारळ कानावर निसटता लागला. पोर आडवी. घटकेत उठून बसली. रक्त नाही, नुसतं टेंगूळ.
डॉक्टर फिरतीवर. पांडू म्हणे, "मास्तर, आगबोट यायचीय. ममईस मोठ्या दवाखान्यात नेतू."
मी यमीला ओटीवर बसवलं. कविता म्हणायला लावली. आठही कडवी, बिनचूक, चालीवर! म्हटलं, "डोकं शाबूत आहे रे. उगाच हेलपाटा कशाला?" मास्तरांचा शब्द. बोट भोंगा देऊन गेली.
खरं तर मला कविता ऐकायचीच होती. पेन्शनीत निघाल्यापासून म्हणून दाखवायला येतं कोण?

त्याच दिवशी, सांज.
यमीला दुपारी ओकारी. मग गुंगी. मीच म्हणालो, झोपू दे. तिसऱ्या प्रहरी डॉक्टर आले. पापणी उचलली, एक बाहुली मोठी.
"आत रक्त साचतंय. आधी शुद्धीवर येतात, बोलतात, तेच फसवं. कवटीला भोक पाडायला हवं. मुंबईपर्यंत टिकणार नाही."
"तुम्ही केलंय कधी?"
"कॉलेजात पाहिलंय. एकदा. डोकं घट्ट धरा, मास्तर."
धरलं. केस भादरलेले. हाडाचा तो आवाज... काळं रक्त आलं. श्वास जरा मोकळा झाला.
डॉक्टर हात धूत म्हणाले, "सकाळच्या बोटीनं का नाही नेलं?"
पांडू खाली बघून, "माजीच चूक, सायेब."
मी उभा होतो. त्यांच्या हातावर पाणी ओतत राहिलो.

ता. १० बुध.
पांडू तिला झोळीत घेऊन बोटीवर. डोळे मिटलेलेच. किनाऱ्यावर मी उगाच हात हलवला.

ता. ११, १२.
पत्र नाही. कोणी आलंही नाही.

ता. १३ शनि.
यमीची आई पांडूचं कार्ड घेऊन आली. वाचून दाखवलं: 'जिवंत हाय. दागतर म्हंतात, आणखी एकदा डोकं उघडावं लागंल. डोळे उघडत न्हाय.'
तिनं कार्ड पदरात बांधलं. मग म्हणाली, "मास्तर, तुमचा सबूद मोठा. तुमी एकदा म्हना, बरी व्हईल."
सांगावं का हिला, की त्या दिवशी...
पाणी आणतो म्हणून आत आलो, हे लिहीत बसलो. ती पायरीवरच आहे.