शिंगांमधल्या हवेचं भाडं

बाबा, "आपण तिघं जाऊ. हा इथेच राहील. याचं भाडं आपल्याला परवडायचं नाही," असं तुम्ही म्हणाला होतात. झांबियातल्या त्या शाळेच्या क्वार्टरमध्ये, मधल्या बोळात उभे राहून, भिंतीवरच्या कुडूच्या डोक्याकडे बघत. मी अकरा वर्षांची होते आणि आईने बांधलेल्या एका बोचक्यावर बसले होते. ब्रिटनमध्ये कार्डिफला मामाकडे जायचं ठरलं होतं, तुम्हाला तिथल्या शाळेत नोकरी मिळाली होती, घरातली एकेक वस्तू कोणाला ना कोणाला देऊन झाली होती. राहिलं होतं ते डोकं. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होऊन गेली. ते वाक्य मी इतक्यांदा आठवलं आहे, की त्यातला आवाज तुमचा किती आणि माझा किती, हे मला सांगता येत नाही.

कुडू म्हणजे घोड्याएवढं हरीण, पिळाच्या लांब शिंगांचं. तुम्ही शिकारी नव्हतात. वसतिगृहातल्या मुलांसाठी वर्षातून एकदा परवाना काढून एक मोठं जनावर मारायची शाळेची पद्धत होती. शेती शिकवणारे सर बंदूक चालवायचे आणि बाकीचे मास्तर मागे ट्रकमध्ये बसून सहलीला निघाल्यासारखे जायचे. एका वर्षी त्यांनी थट्टेने बंदूक तुमच्या हातात दिली. तुम्ही डोळे मिटून चाप ओढलात, असं आई म्हणते. तुम्ही म्हणायचात, एकच डोळा मिटला होता. मांस मुलांनी खाल्लं. डोकं मात्र शिक्षकांनी वर्गणी काढून शहरातून भुसा भरून आणलं, खाली पितळेच्या पट्टीवर तुमचं नाव घातलं, आणि तुम्हाला भेट दिलं. नाही म्हणायची सोय नव्हती. तुम्हाला नाही म्हणायचंही नव्हतं. अमरावतीच्या आजीला पत्रात तुम्ही हे कधी कळवलं नाहीत, पण शाळेतून आलात की जोडे काढता काढता त्याच्याकडे एकदा बघायचात, हे मला आठवतं.

मला ते आवडत नव्हतं. न्हाणीघराकडे जायला तो एकच बोळ होता आणि त्याचे काचेचे डोळे बोळाच्या दोन्ही टोकांना बघत. मी हे कधी बोलून दाखवलं नाही, किंवा मला वाटतं की नाही दाखवलं. तुम्ही माझ्याबरोबर यायचात. भिंतीकडची बाजू तुमची. चालता चालता तुम्ही पाढे विचारायचात, तेही कठीण पाढे, मी अडखळायचे आणि तेवढ्यात बोळ संपलेला असायचा. मला वाटायचं, काय हे बाबा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा गणित.

कार्डिफला आल्यावर ते डोकं तुमच्या गोष्टीत राहायला आलं. पाहुणे जेवून बसले की तुम्ही दोन्ही हात डोक्यावर धरून शिंगांचा पीळ दाखवायचात. मग कोणीतरी ठरल्यासारखं विचारायचं, "अहो सर, एवढं होतं तर आणलं का नाहीत बरोबर?" आणि तुम्ही म्हणायचात, "शिंगं महाग पडतात हो. डोक्याचं काय, आम्ही मास्तर लोक ते फुकटच खर्च करतो." सगळे हसायचे. आई तेवढ्यात ताटं उचलायला उठायची. ती प्रत्येक वेळी त्याच जागी उठायची, हे मला आता आठवतं आहे.

गेल्या हिवाळ्यात तुमचा एक विद्यार्थी बर्मिंगहॅमहून ट्रेनने आम्हाला भेटायला आला. तुमच्याकडे गणित शिकलेला, आता स्वतःच निवृत्तीला आलेला. त्याने शाळेचे फोटो आणले होते. "सरांचा कुडू अजून स्टाफरूममध्ये आहे," तो म्हणाला. "नवे हेडमास्तर इमारत पाडून नवी बांधणार आहेत. तुम्हाला हवं असेल तर ते देतील. नाहीतर ते काही ठेवणार नाहीत." मी चहा ओतत होते. आई खुर्चीत पुढे सरकली. माझ्याकडे राहायला आल्यापासून तिने कधी काही मागितलं नाही, बाबा. हीटिंग वाढव म्हणतानासुद्धा ती आधी माझं बिल विचारते. ती म्हणाली, "आणूया गं."

मी हो म्हटलं. हॉस्पिटलच्या फार्मसीतल्या जेवणाच्या सुट्टीत एका कंपनीला फोन लावला, ही असली डोकी आणि कातडी परदेशातून आणून देण्याचाच त्यांचा धंदा. फोनवरची बाई गोड होती. "तुम्हीच मारलंत का, लव्ह?" तिने इथल्या लोकांच्या लाडिक सवयीने विचारलं. मी म्हटलं, नाही, माझ्या वडिलांनी, फार पूर्वी. "मग बरं. नुकते मारून आलेले असतात ना, ते मला फोनवर शिव्या घालतात. लोकांना वाटतं गोळी महाग. गोळीच तेवढी स्वस्त असते." मग ती एकेक सांगत गेली. जुनं असलं तरी कीड मारायचं औषध नव्याने द्यावं लागेल. तिथल्या वन्यजीव खात्याचा कागद, जनावरांच्या डॉक्टरचा कागद. शिंगांच्या मापाचं लाकडी खोकं. विमानाचं भाडं वजनावर लागत नाही, खोक्याच्या आकारावर लागतं. इथे उतरल्यावर कस्टम्स, आणि कागद अडले तर गोदामाचं भाडं. "तुम्ही खरं म्हणजे शिंगांमधल्या हवेचे पैसे देता," ती म्हणाली. "शिंगं कापून वेगळी पाठवायला सांगा. खोकं निम्मं होईल. इथे पुन्हा जोडून मिळतात, कोणाला कळतही नाही."

आकडा मोठा होता. आणि बाबा, ती एकेक खर्च सांगत होती तसतसं मला हलकं वाटत होतं. प्रत्येक नव्या खर्चाला मी मनात म्हणत होते, अजून असेल, अजून सांग. कारण ते डोकं मला घरात नको होतं. मी त्रेचाळीस वर्षांची आहे, दिवसभर लोकांच्या जिवावर बेतेल अशी औषधं मोजून देते, आणि त्या काचेच्या डोळ्यांखालून जायची मला अजून भीती वाटते. हे आईला सांगण्यापेक्षा आकडा सांगणं सोपं होतं. पैसे आमच्याकडे होते. त्याच वर्षी आम्ही चांगलं चालतं किचन काढून नवं बसवलं होतं.

त्याच नव्या किचनमध्ये, गॅसकडे तोंड करून, मी आईला म्हटलं, "फार महाग आहे गं. नाही परवडायचं."

"किती म्हणतात?" तिने विचारलं.

मी आकडा सांगितला. थोडा वाढवूनच सांगितला.

"बरं," ती म्हणाली, आणि मेथी निवडत राहिली.

त्यानंतर तिने तो विषय काढला नाही, तोंड पाडलं नाही, जेवणात काही कमी केलं नाही. तिने रुसायला हवं होतं. मग मला समजूत काढता आली असती. एका रविवारी मी तिच्यासाठी थालीपीठ लावत होते. ती टेबलापाशी बसून, एखादी किरकोळ गोष्ट सांगावी तशी म्हणाली, "तेव्हाही परवडत होतं."

मला आधी कळलं नाही कशाबद्दल बोलते आहे.

"ते कुडूचं. ह्यांनी एजंटाला पैसेसुद्धा भरले होते. सुतार येऊन माप घेऊन गेला, खोकं तयार झालं. मग तू विचारलंस, 'हा पण आपल्याबरोबर येणार?' हे म्हणाले, हो तर, तिकडे जिन्यात लावू. तू नुसती जेवायची थांबलीस. ताप नाही, काही नाही. मी म्हटलं, देश सोडायचा म्हणून पोर घाबरली असेल. ह्यांना बरोबर कळलं. दुसऱ्या दिवशी शहरात जाऊन बुकिंग रद्द करून आले. भरलेले पैसे काही परत मिळाले नाहीत."

"मग परवडत नाही असं का सांगितलं?"

"तुला ऐकू जावं म्हणून. नाहीतर म्हणाले, आपल्यामुळे बाबांचं राहिलं असं तिच्या मनात राहील. मलाही शपथ घातली. एवढी वर्षं पाहुण्यांसमोर तेच सांगत बसले." मग ती हसली. "तुझ्या बाहुल्या आणि पुस्तकं कशातून आली वाटलं तुला?"

थालीपीठ करपलं होतं. मी गॅस बंद केला आणि गॅरेजमध्ये गेले. तुम्हाला आठवत असेल ते खोकं: उंच, अरुंद, वर रुंद होत गेलेलं, कुठल्याच कोपऱ्यात नीट न बसणारं. बोटीने आपली पुस्तकं आणि माझ्या बाहुल्या त्यातून आल्या. पुढे घर बदललं, लग्न झालं, तरी मी ते टाकलं नाही; सध्या त्यात ख्रिसमसच्या दिव्यांच्या माळा आहेत. मी माळा बाहेर काढल्या. आतल्या फळीला दोन गोल खाचा आहेत, काठाला जाड लोकर चिकटवलेली. त्या खाचांत मी लहानपणी दोन बाहुल्या बसवायचे. मला वाटायचं, तुम्ही त्या बाहुल्यांसाठीच करून घेतल्या आहेत. मी त्या लोकरीवरून बोट फिरवलं. वरून आई हाक मारत होती, गार होतंय गं, ये.

मी वर येऊन म्हटलं, "आई, मी मागवते ते. आत्ता फोन करते."

"नको," ती म्हणाली. "मी तेवढ्यासाठी नाही सांगितलं."

"मग कशासाठी सांगितलंस?"

"तू परवा हुबेहूब त्यांच्यासारखं तोंड करून म्हणालीस, परवडत नाही. मला राहवलं नाही." तिने माझं ताट पुढे सरकवलं. "अजून भीती वाटते का गं?"

तुम्हाला माझ्यावर रागवता आलं नाही, तिलाही येत नाही. मी खोटं बोलले हे तिला त्याच दिवशी कळलं होतं, गॅसकडे तोंड केलं तेव्हाच. एवढे दिवस ती माझ्या खोट्याला सांभाळून वागत होती. तुमच्यासारखंच तोंड, असं ती म्हणाली. पण तुम्ही ते माझ्यासाठी म्हणाला होतात आणि मी ते तिच्याविरुद्ध म्हटलं, एवढा फरक तिने सांगितला नाही. तो मी इथे लिहिते आहे, कोणीतरी लिहायला हवा म्हणून.

मी तिचं ऐकलं नाही. सोमवारी त्या बाईला फोन केला. शिंगं कापायची नाहीत, म्हणून सांगितलं. "हवा महाग आहे हं, लव्ह," तिने पुन्हा बजावलं. मी म्हटलं, येऊ दे हवा. कागदांना वेळ लागला. मधे दोनदा एक सही कमी म्हणून सगळं अडलं, आणि दोन्ही वेळा मला पुन्हा ते हलकं वाटलं, हेही सांगून टाकते. गेल्या आठवड्यात खोकं आलं. माझ्या नवऱ्याने ते उघडलं, मी किचनमध्येच थांबले. आईचा आवाज येत होता. "अगंबाई, केवढासा दिसतो हा. तिथे केवढा वाटायचा." मग ती त्याच्याशी बोलायला लागली, तुमच्याशी बोलायची त्या सुरात: धूळ किती बसली आहे, शाळेने कान सुद्धा पुसले नाहीत. पितळेच्या पट्टीवरचं तुमचं नाव तिने पदराने घासलं. बत्तीस वर्षं ती ह्या माणसाच्या नावाला हात लावायची वाट बघत होती, आणि मी तिला भाडं सांगत होते.

कुठे लावायचं म्हणून मी विचारलं. जिन्यात लावू म्हटलं, तुम्ही म्हणाला होतात तिथे. आई नको म्हणाली. तिने ते तिच्या मागच्या खोलीत लावून घेतलं, दाराच्या आतल्या बाजूच्या भिंतीवर. दार उघडलं की ते दाराआड जातं. मी चहा घेऊन गेले की ती स्वतः उठून दार जाईल तेवढं उघडते आणि दाराला टेकून उभी राहते. तिचे गुडघे दुखतात. कप तिच्या हातात देईपर्यंत ती तशीच उभी असते आणि मला विचारत राहते, आज बस मिळाली का वेळेवर, हॉस्पिटलमध्ये गर्दी होती का. मी उत्तरं देते. 'आई, बस तू, मी बघते त्याच्याकडे,' असं म्हणायचं मी रोज ठरवते आणि अजून म्हटलेलं नाही. खोकं आल्यापासून मी एकदाही मान वर केलेली नाही, बाबा. तुमचं नाव मी अजून वाचलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. लिहायला बसले ती एक गोष्ट मागण्यासाठी. आयुष्यभर तुम्ही दुसऱ्यांच्या मुलांना रागवलात. वर्गाबाहेर काढलंत, वह्या परत फेकल्यात, ती मुलं अजून कौतुकाने सांगतात. मला एकदाही नाही. आता एकदा माझ्यावर रागवा. मोठ्याने, आईला ऐकू जाईल असं. म्हणजे ती त्या दाराला टेकून उभी राहायची थांबेल. तुम्ही नाही म्हणाल, हे मला माहीत आहे. तुम्ही माझ्या आणि भिंतीच्या मधे येऊन उभे राहाल आणि भलतंच काहीतरी विचाराल, आणि मी, आत्तासुद्धा, त्याचंच उत्तर देत बसेन.