३०३ वरचं शिखर

३ फेब्रुवारी, दुपारी ४.१०
आलेखावर नवं शिखर सापडलं. आकडा ३०३. मशीन चालवणाऱ्या दयारामजींनी दुजोरा दिला. म्हणजे मी विचारलं, दिसून राहिलं ना? ते म्हणाले, हव भैया, स्लॉट खतम, उठा आता.

लेझर कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांवर पडतो. नळ्या श्वास घेतल्यासारख्या फुगतात-आकसतात, त्यामुळे परतणाऱ्या उजेडाचा रंग किंचित बदलतो. तो बदल ३०३. आकडा जितका मोठा, तितकी नळी बारीक. इतकी बारीक नळी रायपुरात कोणी बनवलेली नाही. वीस तारखेला सेमिनार, अठ्ठावीसला पीएचडीची नोंदणी संपते. त्याआधी थीसिस देणार. सात वर्षं ‘अजून इथंच?’ विचारणाऱ्यांना दाखवतोच.

५ फेब्रुवारी
अपर्णा. लॅबमधली ज्युनिअर. विचारते, दादा, नळ्या ज्या सिलिकॉनच्या तुकड्यावर टाकल्या, तसा कोरा तुकडा काहून नाही मोजला? डोकं फिरलं. आठवड्याला एक तास मशीन मिळतं, तो कोऱ्या तुकड्यावर घालवू? जेवायच्या आधी कोणी ताट चाटतं का, विचारलं.
म्हणाली, चव ताटाचीच असली तर?
आगाऊ पोट्टी.

१० फेब्रुवारी
हिरव्याऐवजी लाल लेझर लावला. ३०३ जागचं हललं नाही. अपर्णा म्हणे, एकेका नळीला एकेकच रंग मानवतो, लेझर बदलला की शिखर गायब व्हायला पाहिजे. माझ्या नळीला सगळे मानवतात. गुणी आहे. लोकांना गुण बघवत नाहीत.

१७ फेब्रुवारी
जिथे नळ्या दाट, तिथे शिखर बुटकं. जिथे जवळजवळ नाहीतच, तिथे उंच. मग उलगडलं: गर्दीत श्वास घ्यायला जागा नसते! स्वतंत्र चॅप्टर.
दयारामजी म्हणाले, भैया, खाली जगह पे तो और अच्छा आ रहा है. अपर्णापेक्षा त्यांना जास्त कळतं.

१८ फेब्रुवारी
मोनालीने विचारलं, गाइड सरांना दाखवलं का? म्हटलं, थेट सेमिनारलाच दाखवणार. म्हणाली, सात वर्षं हेच ऐकून राहिली मी, या वेळी तरी आधी विचारा ना जी. बायकोच अशी, तर बाहेरच्यांना काय बोलणार? न जेवता उठलो. नंतर जेवलो.

२० फेब्रुवारी, सायंकाळी ६
सेमिनार नवव्या मिनिटाला थांबला. सरांनी शांतपणे विचारलं, कोरा तुकडा? वेळ नव्हता, म्हटलं. त्यांनी दयारामजींना फोन लावला. अर्ध्या तासात कागद आला.
कोरं सिलिकॉन. ३०३. माझ्या सगळ्या शिखरांपेक्षा उंच.
सिलिकॉनचं शिखर तिथं असतंच, म्हणे. पुस्तकात आहे, म्हणे. मग मला सांगायला काय झालं होतं? सर अपर्णाकडे बघत होते. ती खाली बघत होती. त्याचाच जास्त राग आला.

२१ फेब्रुवारी
मुदतवाढीचा अर्ज. टाइप अपर्णानेच केला. ‘विलंबाचं कारण’ या रकान्यात मशीन बिघडलं होतं असं लिही, सांगितलं. म्हणाली, दादा, मशीनच तेवढं बरोबर होतं. तिने लिहिलं: कोरा तुकडा मोजला नाही.
सरांनी लगेच सही केली.
सोमवारी साडेदहाला कमिटी बसेल. विलंबाचं कारण उमेदवाराने स्वतः उभं राहून मोठ्याने वाचायचं असतं.