एझ्रा कथबर्ट विंट यांचा शोध

मँडेव्हिल,
बुधवार, जेवणाच्या सुट्टीत

आदरणीय पुडिंगमामा,

तुमची भाची नॅडीन हिचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता का, आणि तपकिरी शेळी व्याली का, हे आधीच विचारून घेते, कारण पुढचं सगळं लिहून झाल्यावर मला काही विचारायला तोंड राहणार नाही. माझं म्हणाल तर मी बरी आहे. खाते, पिते, कचेरीत जाते. बाकी विचारू नका.

मी इथे पॅरालीगलचं शिक्षण घेते आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (गावात तुम्ही 'आमची नॅडीन वकील होतेय' म्हणून सांगत फिरता, ते कृपा करून थांबवा. वकील कोर्टात बोलतो. पॅरालीगल त्याच्या बोलण्याचे कागद लावते, त्यांना टाचण्या मारते, आणि तो हरला की बोलणी खाते.) आमच्या शिकवणाऱ्या बाई म्हणजे मिस हिबर्ट. कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवू नका, पडताळून पाहा, हा त्यांचा एकच मंत्र. तो त्यांनी इतक्या वेळा सांगितला की आम्ही सगळ्या जणी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवून मोकळ्या झालो आणि पडताळायचं राहूनच गेलं. तर अभ्यास संपत आला की प्रत्येकीने एक खरा कागद खऱ्या माणसाच्या हातात नेऊन द्यायचा असतो. याला बजावणी म्हणतात, आणि ती केल्याशिवाय प्रमाणपत्र मिळत नाही. पाकीट बंद असतं. आत काय आहे ते शिकाऊ माणसाने बघायचं नाही. माझ्या पाकिटावर लिहिलं होतं: एझ्रा कथबर्ट विंट, बॅरल हिल.

गावाचं नाव वाचून मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. बाकीच्या पोरी परक्या गावांत कुत्री चुकवत फिरणार, आणि मी मात्र जिथे अकरा वर्षं वाढले तिथे जाणार, वर मामाच्या हातचा भाजलेला यामचा कंद आणि खारा मासा खाऊन येणार. नाव ओळखीचं नव्हतं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. आपल्या गावात कागदावरच्या नावाने हाक मारतं कोण? टॉवेल आहे, बिशप आहे, इन्स्पेक्टर आहे (जो दोनदा तुरुंगात जाऊन आला). यातलाच कुणीतरी विंट असेल, मामाला विचारलं की झालं, असा माझा साधा हिशेब.

म्हणून मी थेट तुमच्याकडे आले आणि पाकीट तुमच्यापुढे धरलं. तुम्ही चष्मा लावलात, नाव वाचलंत, चष्मा काढून सदऱ्याला पुसलात आणि पुन्हा वाचलंत. मग म्हणालात, "नाव मोठ्या माणसाचं दिसतंय. चल, शोधू या."

मामा, त्या दिवशी आपण किती चाललो हे माझ्या टाचांना विचारा. आधी मास व्हर्नलच्या दारूच्या दुकानात. त्याने पाकीट उजेडाकडे धरलं, तुमच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि असा कुणी उधारीवर तरी पीत नाही बुवा, असं सांगून आत जो गेला तो बराच वेळ बाहेर आलाच नाही. (मला वाटलं, त्याला खोकला झाला आहे.) मग सिस्टर आयोनाकडे, कारण चर्चच्या वह्या तिच्याकडे असतात. तिने वही उघडली, बोट फिरवलं, वही मिटली, आणि पोरी, तू आधी दोन घास खा, म्हणून माझ्यापुढे बॅमी, ती कसाव्याची भाकरी, आणि तळलेला मासा ठेवला. मी खात होते तेव्हा ती प्रार्थना पुटपुटत होती. कुणासाठी, ते आता कळतं. पुढे तुम्हीच सुचवलंत की माणूस मेलेलाही असू शकतो, तर दफनभूमी बघून घ्यावी. मी तासभर थडगी वाचली. माझ्या पांढऱ्या पोलक्यावर लाल मातीचे पंजे उठले, उजव्या बुटाची टाच निघाली, आणि तुम्ही माझे बूट हातात घेऊन मागून येत होतात. मधेच म्हणालात, केमन बेटांवर कामाला गेला असेल, तिकडे गेलेले परत येत नाहीत. परतीच्या टॅक्सीत मला बसवताना तुम्ही माझ्या हातात दोन अॅव्होकाडो दिलेत. तुमचे डोळे ओले होते. मी समजले, ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी मी शपथेवर प्रतिज्ञापत्र लिहिलं, की कसून शोध घेऊनही सदर इसम सापडला नाही. मिस हिबर्टना ते इतकं आवडलं की त्यांनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. कोर्टानेही ते मानलं आणि कागद गावाच्या पत्त्यावर नोंदणी पोस्टाने पाठवायला परवानगी दिली. माझी मान अशी ताठ झाली होती की दोन दिवस मी जिन्याच्या पायऱ्यासुद्धा पाहत नव्हते.

मग सोमवारी अर्जदार बाई आमच्या कचेरीत सही करायला आल्या. मी कागद घेऊन खोलीत गेले, आणि खुर्चीत डल्सीमामी बसली होती. आपलं घर सोडून गेली त्याला आठ वर्षं झाली. तेवढीच बारीक, हनुवटी तशीच वर. तिने मला जवळ घेतलं, मग तिच्या कामासाठी बनवलेलं ते प्रतिज्ञापत्र हातात घेऊन वाचायला लागली. सहाव्या कलमापाशी थांबली. ते कलम मी फार मन लावून लिहिलं होतं: 'पुडिंग या नावाने ओळखले जाणारे गावातील प्रतिष्ठित गृहस्थ दिवसभर माझ्यासोबत होते, व आपण सदर इसमास कधीही पाहिले नसल्याचे त्यांनी सांगितले.' मामी हसायला लागली. टेबलाला धरून हसली, पदराने टिपावं तसं बाहीने डोळे टिपत हसली, आणि मग नुसते डोळेच टिपत राहिली.

"हे एक मात्र तो खरं बोलला," ती म्हणाली.

मामा, मला तुमचा राग आलेला नाही. आला होता, पण सोमवारी दुपारपुरताच. लाज वाटते ती माझी मला. तुम्ही आईचे भाऊ, पण बाप वेगळा म्हणून आडनाव वेगळं, एवढं माहीत होतं. ते आडनाव कोणतं, हे अकरा वर्षं तुमच्या ताटात जेवून मी एकदाही विचारलं नाही. ते विंट निघालं. शाळेच्या फॉर्मवर 'पालक' या रकान्यात मी चक्क 'मामा' लिहायची आणि बाई चालवून घ्यायच्या. मामी गेली तेव्हाही मी विचारलं नाही. तुम्ही परसात बसून शेंगा सोलत होतात, मी शेजारी बसून सोलल्या, आणि आपण दोघांनी हवेबद्दल बोलून घेतलं. शोध तेव्हा घ्यायला हवा होता. मला फार वाईट वाटतं.

मी मिस हिबर्टना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, दुरुस्तीचं प्रतिज्ञापत्र लिही, आणि पोस्टाची पोच आली की मग तुझ्या प्रमाणपत्राचं बघू. वर्गाला कळलं आहेच. आता मला सगळ्या जणी 'कलम सहा' म्हणतात, म्हणजे बॅरल हिलची परंपरा मी इथवर आणली.

तब्येतीला जपा. शेळीचं कळवा.

तुमची अपराधी भाची,
नॅडीन

ता. क. हे नोंदणी केलेलं पत्र घ्यायला तुम्ही पोस्टात गेलात, मतदार कार्ड दाखवलंत आणि वहीत पूर्ण नावाने सही केलीत. माझं पत्र म्हणून केलीत, हे मला माहीत आहे, आणि तसं व्हावं म्हणूनच पाकिटावर मागे मी माझं नाव ठळक लिहिलं. सोबतचं दुसरं बंद पाकीट म्हणजे तेच. मामा, बजावणी झाली. मिस हिबर्टना या युक्तीबद्दल माहीत नाही. समोर येऊन हातात द्यायचा मला धीर झाला नाही, कारण तुम्ही पुन्हा म्हणाला असतात, चल, शोधू या, आणि मी पुन्हा आले असते.

ता. क. २. आतल्या पिवळ्या कागदावर (मी पाकीट उघडलं नाही, मामीने सांगितलं) दोन चौकटी आहेत. पहिलीत खूण केली तर घटस्फोट मान्य, दुसरीत केली तर हरकत आहे. चौदा दिवसांत परत पाठवायचा. कुठे खूण करावी हे सांगायला शिकाऊ पॅरालीगलला मनाई आहे. भाचीला मनाई नाही, पण तिला ठाऊक नाही.

ता. क. ३. हे लिहू नकोस असं मामीने बजावलं होतं. जाताना दारात थांबून ती म्हणाली, "नॅडीन, त्या दिवशी तुझ्याबरोबर तो जेवढा चालला ना, तेवढा आठ वर्षांत एकदा माझ्या दाराकडे चालला असता, तर हा कागद लागलाच नसता." मी विचारलं, आणि आता आला तर? ती नाही म्हणाली नाही. मँडेव्हिलच्या टॅक्सी स्टँडच्या मागे, हिरवं फाटक, रविवारी चर्चनंतर घरीच असते. पत्ता मी स्वतः जाऊन पडताळला आहे.