सुरू होण्याआधीच गरम

प्रिय आप्पा,

तुमचा व्हॅक्यूम क्लीनर मंगळवारी सुवॉनला पोचला. सोबतची चिठ्ठी वाचली: ‘गरम होतो. तीन मिनिटांत लाल दिवा लागतो, बंद पडतो.’ आईबद्दल काही लिहिलं नव्हतंत, म्हणून ती बरी असेल असं मी धरलं.

फिल्टर कोरडा आणि स्वच्छ निघाला. नळी मोकळी होती, ब्रशमध्ये केसही अडकले नव्हते. मोटर काढून पाहिली; जळका वास नाही, काजळी नाही. सर्व्हिस सेंटरचे आमचे उम साहेब मागे येऊन म्हणाले, “बापाचा म्हणून पोटातलं सगळं बाहेर काढलंस होय गं? बाकीच्यांना तर ‘फिल्टर धुवा’ सांगून वाटेला लावतेस!” मग जोडून चालवला. पंचवीस मिनिटं एकदाही थांबला नाही.

म्हणून बॅटरीतली नोंद काढली. डिसेंबरच्या सुरुवातीपासून रोज संध्याकाळी साडेसातच्या सुमारास तुम्ही तो सुरू करता, आणि बटण दाबता तेव्हाच बॅटरी अठ्ठेचाळीस अंशांवर असते. चार्जर तर तुमच्या थंडगार ओसरीत आहे. बॅटरीच्या खाचेत एक गुलाबी धागा सापडला. तो मी ओळखते. मी शाळेतून सातच्या बसने यायचे तेव्हा आई माझा भाताचा वाडगा झाकण लावून त्याच गुलाबी गोधडीखाली ठेवायची, बॉयलरजवळच्या कोपऱ्यात, जिथे खालून जाणाऱ्या गरम पाण्याच्या नळ्यांनी आपली जमीन सर्वांत जास्त तापते. बॅटरी साधारण त्या वाडग्याएवढीच आहे, तेवढीच जड.

रविवारी फोनवर ती म्हणाली होती, “आजही बस चुकवलीस ना? भात निवतोय इथे.” आई, मी सुवॉनला असते, असं मी सांगितलं. ती हसली. “माहीत आहे बाई, चेष्टा केली जरा.” मी विषय बदलला.

आप्पा, तीस वर्षं तुम्ही रेडिओ दुरुस्त केलेत. कुठली वस्तू आतून तापलीय आणि कुठली बाहेरून, हे हात लावून ओळखायला तुम्हीच मला शिकवलंत. आईने ठेवलेली ती बॅटरी रोज गोधडीतून तुम्हीच बाहेर काढत असणार. तरी यंत्र माझ्याकडे पाठवलंत, कारण मी शोधून काढलं तर तुम्हाला ते तोंडाने सांगावं लागणार नव्हतं. सापडलं मला. आता एकट्याने लपवत बसू नका. बॅटरी मी इथेच ठेवून घेतली आहे. ती अशी तापवणं धोक्याचं आहे. सोमवारी सकाळी दहाची डॉक्टरांची वेळ घेतली आहे, तिघांनी जायचं. शनिवारी मी सातच्या बसने येते. आईला एवढंच सांगा, आणि ती वाडग्यात भात भरेल तेव्हा जवळ उभे राहा.

तुमचीच,
सोल्हा